साडेसातशे वर्षांचा साक्षीदार: होमब्रू सेटिंगसाठी एल्फ कसे घडवावेत

माझी आजी नागपूरच्या महाल भागात राहायची. तिला पत्ता विचारला की ती सांगायची, "जुम्मा तलावाच्या पाळीवरून जा, पुढे आरामशीन लागते, तिथून डावीकडे वळ." आरामशीन बंद पडून तीस वर्षं झाली होती आणि तलावाच्या पाटीवर गांधीसागर लिहिलेलं होतं. तरी तिचा पत्ता चुकत नसे. ज्याला ते जुनं नागपूर ठाऊक होतं तो बरोबर पोचायचा. होमब्रू सेटिंगसाठी, म्हणजे भूमिका करत खेळायच्या खेळासाठी स्वतः रचलेल्या जगासाठी, एल्फ ही दीर्घायुषी काल्पनिक जमात लिहायला बसलो की मला आधी आजीचा तो पत्ता आठवतो. ती नव्वदीत होती. एल्फ साडेसातशेचा असू शकतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, डाइस टाकत आणि पात्रांची भूमिका करत खेळायचा खेळ १९७४ साली आला. त्याच्या पाचव्या आवृत्तीत एल्फ शंभरीच्या आसपास प्रौढ मानला जातो आणि साडेसातशेपर्यंत जगू शकतो. आपण तो आकडा कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, लिहितो आणि तो तिथेच पडून राहतो. टेबलावर एल्फ वागतो पंचविशीतल्या धनुर्धाऱ्यासारखा. माझ्या पहिल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठकांत चाललेल्या सलग गोष्टीत, असंच झालं. दोन वर्षं खेळलो, पण एल्फांच्या जागी माणसं असती तर एकही प्रसंग बदलला नसता. तेव्हापासून मी एकच प्रश्न धरून एल्फ घडवतो: इतरांसाठी जो इतिहास आहे, त्याचा साक्षीदार अजून जिवंत असेल तर काय होईल? जमीन, कर्ज, सणवार, भाषा, लढाई, प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न विचारायचा.

पायरी १: आधी स्वतःच्या गावावर एल्फ ठेवून बघा

काल्पनिक जगाचा नकाशा काढण्यापूर्वी अर्धा तास हे करा. गोंड राजा बख्त बुलंद शहाने १७०२ मध्ये नागपूर वसवलं. त्या वेळी शंभरीत असलेला एक एल्फ घ्या. आज तो सव्वाचारशेच्या घरात आहे. त्याने गोंडांचं राज्य पाहिलं आणि भोसल्यांचं येताना पाहिलं. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली तेव्हा तो २१५ वर्षांचा होता. १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं, १८६७ मध्ये आगगाडी आली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. १९५६ हे एकच वर्ष बघा. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, आणि १ नोव्हेंबरला शहराचं राजधानीपण गेलं. त्या वर्षी आपला एल्फ साडेतीनशेचा होता.

आता कागदावर तीन ओळी लिहा. यातलं काय त्याने डोळ्यांनी पाहिलं? कशाच्या वेळी तो गावात नव्हता आणि त्याने फक्त ऐकलं? कोणती घटना त्याच्यासमोर घडूनही त्याला महत्त्वाची वाटली नाही? तिसरी ओळ सर्वांत जास्त कामाची आहे. सव्वाचारशे वर्षांच्या माणसाला राज्य बदलल्याची तारीख आठवणार नाही, पण कोणत्या उन्हाळ्यात विहीर आटली ते आठवेल. हीच तीन उत्तरं तुमच्या काल्पनिक शहरासाठी लिहिलीत की एल्फ एनपीसीचा, म्हणजे खेळ चालवणारा गेम मास्टर ज्याची भूमिका करतो त्या पात्राचा, पाया तयार होतो.

पायरी २: वरदान की शाप

यावर फार वेळ घालवू नका, पण ठरवा नक्की. आपल्याकडे दोन्ही आहे. लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावाआधी आपण 'चि.' लिहितो. आणि सात चिरंजीवांतला पहिला अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेला तेल मागत रानोमाळ फिरतो, असंही आपणच सांगतो. विभीषण आणि अश्वत्थामा दोघंही चिरंजीव, पण त्यांच्या गोष्टीचा सूर किती वेगळा. तुमचे एल्फ कोणाच्या जवळचे, हे एका वाक्यात लिहून ठेवा. माझे मधले आहेत: आयुष्य वरदान, आठवण शाप.

पायरी ३: जन्म-मृत्यूचं गणित

इथे बहुतेक होमब्रू सेटिंग कोसळतात. गणित मात्र सोपं आहे. लोकसंख्या स्थिर असेल तर वर्षाला होणारे जन्म म्हणजे एकूण लोकसंख्या भागिले सरासरी आयुष्य. तीन हजार माणसांचं गाव, सरासरी आयुष्य ६० वर्षं, तर वर्षाला ५० बाळं. तेवढंच एल्फांचं गाव, सरासरी आयुष्य ६०० वर्षं, तर वर्षाला फक्त ५ बाळं. आता एका लढाईत दोनशे जण मेले असं धरा. माणसांचे चार वर्षांचे जन्म गेले. एल्फांचे चाळीस वर्षांचे सगळे जन्म एका सकाळी गेले. एल्फ लढाई का टाळतात, तह का करतात आणि एका मेलेल्या तरुणासाठी अख्खं जंगल का पेटवतात, हे या दोन आकड्यांतून आपोआप निघतं. एल्फ गर्विष्ठ असतात असं वेगळं लिहायची गरज उरत नाही.

उलट बाजूही तपासा. एल्फ स्त्रीला चारशे वर्षं मुलं होऊ शकतात आणि दर पन्नास वर्षांनी एक होतं, असं लिहिलंत तर एका जोडप्याला आठ मुलं झाली. ती सगळी जगली तर दर पिढीला लोकसंख्या चौपट. हजार वर्षांत तुमच्या खंडावर दुसरं कोणी उरणार नाही. म्हणून जन्म कमी असायला काहीतरी कारण हवं. निसर्गात अशी उदाहरणं आहेत. शेकडो वर्षं जगणारा ग्रीनलंड शार्क दीडशेच्या आसपास वयात येतो असा अंदाज आहे.

मला मात्र उत्तर आपल्या जंगलात सापडलं. गडचिरोली-मेळघाटकडचा बांबू अनेक दशकं नुसता वाढत राहतो. मग एका हंगामात बेटंच्या बेटं एकदम फुलतात, बी पडतं आणि जुनी बेटं वाळून जातात. माझ्या सेटिंगमधले एल्फ तसे आहेत. चाळीस वर्षं गावात एकही बाळ नाही, आणि मग एका वर्षात दोनशे. या वर्षाला ते 'फुलोरा' म्हणतात. एकाच फुलोऱ्यातली सगळी मुलं एकमेकांना भावंडं मानतात, आईबाप कोणीही असोत. खेळाडूला हे फार आवडतं. "माझ्या फुलोऱ्यातले आता किती उरले?" हा प्रश्न बॅकस्टोरीत, म्हणजे पात्राच्या पूर्वकथेत, आला की पुढचं सगळं तो स्वतःच लिहितो.

बांबूच्या फुलोऱ्याला दुसरी बाजूही आहे. मिझोराममध्ये बांबू फुलला की त्याच्या बियांवर उंदीर माजतात आणि मग शेतं फस्त करतात. १९५८-५९ च्या सुमाराला तिथे यातूनच दुष्काळ पडला. माझ्या जगात फुलोऱ्याच्या वर्षी जंगलाबाहेर ऑर्क नावाचे राक्षस जमतात, कारण त्या वर्षी एल्फांचा निम्मा गाव पाळण्याशी बांधलेला असतो, हे त्यांनाही माहीत आहे. पुढचा फुलोरा दोन वर्षांवर आहे, एवढं पहिल्या सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या पहिल्या बैठकीत, सांगितलं की कॅम्पेनला घड्याळ मिळतं.

मृत्यूचंही गणित मांडा. समजा एल्फ म्हातारपणाने मरतच नाहीत, फक्त अपघात, आजार आणि मारामारीने मरतात. हा धोका वर्षाला हजारात एक असेल तर जवळपास निम्मे एल्फ सातशे वर्षांपर्यंत पोचतात. तोच धोका दोनशेत एक झाला तर शंभरातले फक्त तीन पोचतात. म्हणजे नदी पोहून जाणं, घोड्यावर बसणं, कच्चं मशरूम खाणं, या सगळ्याकडे एल्फ वेगळ्या नजरेने बघणार. आणि तुमच्या पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीत, आलेला एल्फ, जो ड्रॅगनच्या गुहेत शिरतो, तो त्याच्या समाजात वेडा ठरलेला असणार. प्रत्येक एल्फ खेळाडूला मी विचारतो, "तुझ्या घरच्यांनी तुला जाऊ कसं दिलं?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय शीट मंजूर नाही.

पायरी ४: त्यांना काय आठवतं

माझ्या मते एल्फ घडवण्याचं निम्मं काम हेच आहे. घाई करू नका.

साधी समजूत अशी की एल्फाला सगळं आठवतं. तसं केलंत तर दोन अडचणी येतात. एक, कोणतंही रहस्य टिकत नाही, कारण एखाद्या म्हाताऱ्या एल्फाला विचारलं की काम झालं. दुसरी, एल्फ चालता-बोलता ग्रंथ होतो, आणि ग्रंथाशी गप्पा होत नाहीत. माणसाची आठवण कशी चालते ते घ्या आणि ती ताणा.

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या लोकांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या जास्त निघतात, असं मानसशास्त्राच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. एल्फाची तरुणाई शंभर ते दोनशे धरा. सहाशे वर्षांच्या एल्फाच्या मनातलं 'खरं' गाव चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं असणार. तो आजच्या राजाला राजा म्हणेल, पण 'राजा' म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर दुसराच चेहरा येईल. तो नाणी मोजताना जुन्या नाण्यांत मोजेल. माझी आजी आरामशिनीवरून वळायची, तसा तो कापल्या गेलेल्या झाडावरून वळेल.

दुसरी गोष्ट, आठवण प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली आणि वेग विचारताना प्रश्नातलं फक्त क्रियापद बदललं. जोरदार क्रियापद ऐकलेल्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्यानंतर त्यांच्यातल्या जास्त जणांना फुटलेली काच पाहिल्याचंही आठवलं, जी फिल्ममध्ये नव्हतीच. आठवड्यात एवढं होतं, तर पाचशे वर्षांत काय होईल? म्हणून माझ्या टेबलावर एल्फाची साक्ष हा रोल आहे, म्हणजे ती डाइस टाकून ठरते. शंभर वर्षांपेक्षा जुनी घटना सांगायची असेल तर वीस बाजूंचा डाइस आणि बुद्धीचा मॉडिफायर, म्हणजे पात्राच्या बुद्धीनुसार त्यात धरायचा आकडा. १५ किंवा वर: जसं घडलं तसं आठवतं. ८ ते १४: गोष्ट खरी, पण एक तपशील चुकीचा, आणि कोणता ते फक्त गेम मास्टरला माहीत. ८ च्या खाली: एल्फ जे घडलं ते सांगत नाही, आजवर जे सांगत आला ते सांगतो. हा रोल गेम मास्टरने पडद्यामागे करायचा. खेळाडूला नुसतं उत्तर ऐकू येतं, आणि एल्फ स्वतः प्रत्येक वेळी तितक्याच खात्रीने बोलतो.

साक्षीदार जिवंत असला की लोकांच्या आठवणीशी त्याचा झगडा होतो, आणि गोष्टी तिथे सापडतात. आपल्याकडची काळी मारबत, म्हणजे मिरवायचा काळा पुतळा, घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत तिची मिरवणूक निघते, १८८१ पासून. इंग्रजांना साथ देणाऱ्या भोसले राणी बांकाबाईंची ती प्रतीक, असं लोक सांगत आले आहेत. आता त्या गर्दीत एक एल्फ उभा करा, ज्याने बांकाबाईंना वाड्यात येता-जाता पाहिलं होतं. तो काय करेल? "ती तशीच होती" म्हणेल, "तशी नव्हती" म्हणेल, की डोळे मिटून घेईल? त्याने तोंड उघडलं तर सण करणारे त्याचं ऐकतील का? तुमच्या जगात असा एक सण घाला, ज्याचा खरा प्रसंग पाहिलेला एल्फ त्याच गावात राहतो. एकाच सणावर मी चार सेशन चालवले आहेत.

पायरी ५: पैसा आणि जमीन

चार टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवलेला एक रुपया पाचशे वर्षांत जवळपास तेहतीस कोटी होतो. एक टक्क्यानेही १४५ च्या आसपास. मग जगातली सगळी जमीन एल्फांची का नाही, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. हुशार खेळाडू तिसऱ्या सेशनपर्यंत हा प्रश्न विचारतोच.

आपल्या सातबाऱ्याचा विचार करा. नाव बदलतं ते विक्रीने, वाटणीने आणि वारसाने. एल्फाच्या सातबाऱ्यावर वारसाचा फेरफार सहाशे वर्षं होत नाही. शेजारच्या माणसाच्या शेताचे तेवढ्या काळात पंधरा-वीस वाटे झालेले, आणि प्रत्येक वाट्याच्या बांधाचा वाद. कोर्टात साक्षीला कोण? तोच एल्फ, कारण मूळ बांध त्यानेच पाहिलेला. आणि तो स्वतः त्या वादातला पक्षकार. नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा त्याच्यासाठी आपल्या दहा-बारा वर्षांसारखा. म्हणून माणसांचे राजे एल्फांना जमीन भाड्याने द्यायला घाबरतात.

माझ्या सेटिंगमध्ये उपाय एल्फांच्याच प्रथेत आहे. दर शंभर वर्षांनी एल्फ 'विसर्जन' करतो: घर, जमीन, कर्जवसुलीचे कागद, सगळं सोडतो आणि अंगावरच्या कपड्यांनिशी दुसऱ्या गावी जातो. आपल्याला गणपतीची सवय असल्याने हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जे एल्फ विसर्जन टाळतात ते माझे खलनायक. तुम्हाला दुसरा उपाय सुचला तर तो घ्या: नाणी बदलणारे राजे, एल्फांच्या मालकीला मुदत घालणारा कायदा, काहीही. पण उपाय असू द्या.

पायरी ६: अरे, अहो, आपण

मराठीत खेळणाऱ्यांच्या हातात इथे एक हत्यार आहे आणि ते बरेचदा वापरलं जात नाही. एल्फ दिसतो पंचविशीचा, वय तीनशे. समोरचा पाटील सत्तरीचा, केस पांढरे. कोण कोणाला 'अहो' म्हणणार?

धरमपेठेत मित्राच्या घरी मे महिन्यातला रविवार होता. कुलरच्या आवाजात डाइसही नीट ऐकू येत नव्हते. मी पाटलाची भूमिका करत होतो. एल्फ खेळणारा मित्र सवयीने म्हणाला, "अहो पाटील, आम्हाला वाट दाखवा." शेजारचा त्याला म्हणाला, "अबे, त्याच्या आज्याले तू खांद्यावर घेऊन फिरवलं, त्याले अहो काहून म्हणतं?" मित्र थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "अरे बाळ, तुझ्या आजाचा उजवा पाय अधू होता. तुझा बरा आहे ना?" माझ्याकडे यावर काही तयार नव्हतं. तोंडातून निघालं, "दादा, तुम्ही अजून तसेच." पाटलाच्या आजानेही त्याला दादाच म्हटलं असणार, बापानेही. तीन पिढ्यांचा एकच दादा. त्यानंतर बराच वेळ टेबलावर फक्त कुलरचा पंप वाजत होता.

तेव्हापासून प्रत्येक एल्फ एनपीसीच्या नोंदीत मी दोन ओळी आधी लिहितो: हा कोणाला अरे-तुरे करतो, आणि याला कोण काय म्हणतं. भाषेचंही तसंच. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे १२९० ची. ती पहिल्यांदा ऐकलेला एल्फ अजून जिवंत असू शकतो, आणि तो बोलता बोलता मध्येच त्या मराठीत जाईल. पण सगळं बोलणं जुन्या भाषेत लिहू नका. टेबलावर ते दोन मिनिटांत थकवतं. एक-दोन शब्द पुरतात. माझा एक एल्फ फक्त गावांची नावं जुनी वापरतो. नावं सुचत नसतील तर आपल्या नद्यांची घ्या: कन्हान, पेंच, वेणा, नाग. थोडी मोडली की ती एल्फांची वाटू लागतात.

पायरी ७: तीनशे वर्षांचा आणि तरी पहिल्या लेव्हलचा

हा प्रश्न प्रत्येक टेबलावर येतो. पहिली लेव्हल म्हणजे नवशिकं पात्र, मग तीनशे वर्षं काय करत होता? माझं उत्तर पायरी चारमधलंच: तो विसरला. प्रत्येक विसर्जनानंतर एल्फ नवा धंदा धरतो आणि जुना हातातून जातो. शाळेत शिकलेलं संस्कृत आपल्याला पन्नाशीत किती येतं, तेवढंच.

नियम असा. पहिल्या लेव्हलच्या एल्फाने शीटवर तीन जुने धंदे लिहायचे, उदाहरणार्थ कोष्टी, नावाडी, राजाचा कारकून. सेशनमध्ये एकदा त्यातला एक वापरून कोणत्याही रोलला +३ घेता येतात. याला आम्ही 'जुना हात' म्हणतो. बदल्यात त्या खेळाडूने त्या काळातली एक गोष्ट सांगायची, जी आता त्याला आठवत नाही. "मागावर बसलो की कोणीतरी शेजारी गाणं म्हणायचं. कोण ते आठवत नाही." ही हरवलेली माणसं मी वहीत टिपून ठेवतो. सात-आठ सेशननंतर त्यातलं एखादं परत आणतो.

माणूस आणि एल्फ यांच्या प्रेमकथेवर इथे लिहीत नाही. ती खेळाडू न सांगताही आणतात, आणि वरचं सगळं पक्कं असेल तर ती आपोआप चांगली होते.

पायरी ८: पहिलं सेशन

खेळाडूंना वीस पानं वाचायला देऊ नका. अर्धं पान द्या: फुलोरा म्हणजे काय आणि पुढचा कधी, विसर्जन म्हणजे काय, कोणाला काय म्हणायचं. बाकी सगळं गेम मास्टरच्या वहीत.

आणि पहिला एल्फ एनपीसी पत्ता सांगणारा ठेवा. मी असा सुरू करतो. पार्टी वेशीवर येते, पहाऱ्यावर एक एल्फ बाई. देवळाची वाट विचारली की ती हात दाखवते: "सरळ जा, सागाच्या वखारीपासून उजवीकडे." पार्टी सरळ जाते. वखार कुठेच नाही. गावकऱ्यांना विचारलं तर कोणी ऐकलेलीही नाही. एक म्हातारा एवढंच सांगतो की चौकातल्या त्या मोकळ्या जागेत घर बांधलं तर टिकत नाही, भिंत खचते. परत जाऊन बाईला विचारलं तर ती थोडा वेळ गप्प राहते. मग म्हणते, "हो की. ती जळाली. मीच पाणी घेऊन धावले होते." दोनशे दहा वर्षं झाली त्याला. वखार जळाली, पण तिचं तळघर जळालं नाही, आणि त्याचं दार कोणत्या बाजूला होतं हे त्या गावात एकटीला माहीत आहे. इथे मी पडद्यामागे तिच्या साक्षीचा रोल करतो.